झाडाला जामीन

आमच्या मागदालेना गावात माणूस निकामी निघाला तर कोणी फारसं मनावर घेत नाही. झाड निकामी निघालं की मात्र साऱ्या गावाची झोप उडते. नेक्सापा नदीने इथे इतका गाळ आणून टाकलाय की कुंपणाला रोवलेली काठीसुद्धा पालवते. अशा मातीत एखादं अवोकाडोचं झाड वर्षानुवर्षं नुसता मोहोर दाखवतं आणि फळ धरत नाही म्हणजे त्या घरात कुठेतरी पाणी मुरतंय, असं आम्ही धरून चालतो. आणि कुठे मुरतंय ते शोधायला जातीने जातो.

एके काळी भरभरून फळणारं फिदेन्सिओच्या फाटकातलं झाड गेली कित्येक वर्षं तसं झालं होतं.

बाग खरं म्हणजे त्याच्या बायकोच्या माहेरची. होविताच्या आईने, क्लोतिल्देबाईंनी, लेक जन्मली त्या वर्षी फाटकाशी पहिलं रोप लावलं आणि मग त्याच्या कलमांवर नदीपर्यंत बाग उभी केली. फिदेन्सिओ मूळचा शहरातल्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीतला कारकून. कचेरीने त्याला लवकर घरी बसवला तेव्हा तो टाय लावूनच बागेत उतरला. गावाने त्याला ताबडतोब 'लिसेन्सिआदो' ही पदवी दिली. ही पदवी आमच्याकडे खरं तर वकिलाला देतात, पण ज्याच्या खिशाला पेन आहे अशा कोणालाही चालते. ती आदराने देतात की खोडी काढायला, हे देणाराही नीट सांगू शकत नाही.

तर तंटा सुरू झाला ट्रकवरून. बागेचा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने नवा ट्रक घेतला, चांगला उंच. तो फाटकापर्यंत आला आणि सासूबाईंच्या झाडाला टप लागून अडला. त्या मोसमात सगळ्या पेट्या माणसांच्या डोक्यावरून सडकेपर्यंत न्याव्या लागल्या. त्या रात्रीच्या जेवणात फिदेन्सिओ घेवड्याच्या आमटीत टॉर्टिया, म्हणजे आमची मक्याची पातळ भाकरी, बुडवत सहज म्हणाला, "फळ तर ते देत नाही. वाट मात्र अडवतं. कापून टाकलं तर?"

होविताने चमचा खाली ठेवला. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. फिदेन्सिओनेही मग ठेवला, कारण एकट्याने जेवणं बरं दिसेना.

दुसऱ्या दिवसापासून होविता त्याच्याशी बोलेनाशी झाली. जे काही सांगायचं ते ती कानेलोला सांगे. कानेलो म्हणजे कुत्रा. "कानेलो, ज्याला कॉफी हवी असेल त्याला सांग, ती चुलीवर आहे." कानेलो बिचारा फिदेन्सिओकडे बघून शेपूट हलवायचा. त्या घरात तेवढाच काय तो त्याच्याशी संबंध ठेवून होता. सासूबाई बोलत, पण त्यांचं बोलणं अबोल्यापेक्षा महाग पडे. "जावईबापू," त्या म्हणत, "फळ न देणारं कापायचं ठरलं, तर या घरात झाडापासूनच का सुरुवात करायची?"

शेवटी फिदेन्सिओनेच तडजोड काढली. झाड कापायचं नाही, त्याला धमकावायचं. आमच्याकडे हा रिवाज जुना आहे. गुरुवारपासून गप्प ठेवलेल्या चर्चच्या घंटा ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी पुन्हा वाजतात, त्या वेळी घरोघर पोरांचे कान ओढतात, म्हणजे पोरं उंच होतात, आणि वांझ झाडांना कुऱ्हाड दाखवतात. काम दोघांचं असतं. एकाने कुऱ्हाड उगारून म्हणायचं, "फळ देत नाहीस, आता तुला कापतो." दुसऱ्याने मध्ये पडून गयावया करायची, "नका हो कापू, पुढच्या साली देईल, मी जामीन राहतो." मग पहिल्याने कुऱ्हाड खाली घ्यायची. झाड घाबरतं आणि पुढच्या साली फळतं. जामीन राहिलेल्याला पहिलं फळ मिळतं.

मात्र एकदा कुऱ्हाड उगारली आणि कोणी जामीन राहिलं नाही, तर घाव घालावाच लागतो. नुसतीच बडबड करून माणूस घरात गेला, तर बाकीची झाडं ते बघत असतात. मग अख्खी बाग शेफारते.

सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "ठीक. धमकावून बघ. तरी नाही फळलं, तर काप. मी शब्द काढणार नाही." होविताने कानेलोला सांगितलं की आई म्हणते ते तिला मान्य आहे. म्हणजे आता झाडाचं मरण-जगणं त्या एका शनिवारावर आलं. आणि फिदेन्सिओचं घरातलं मरण-जगणंही त्याच फांदीवर लटकलं होतं, हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

बातमी गावात गेली आणि सल्ल्यांचा पूर आला. बेकरीवालीने सांगितलं की झाडाला आधी लाज आणावी लागते, तांबडा परकर नेसवा. सासूबाईंनी आपला लग्नाच्या वेळचा परकर पेटीतून काढून दिला. तो झाडाच्या बुंध्याला असा काही व्यवस्थित बसला की येणारे-जाणारे लांबून टोपी काढून सासूबाईंना नमस्कार करू लागले. न्हावी म्हणाला, फांद्यांना धोंडे बांधा, म्हणजे झाडाला वजन पेलायची सवय होईल. धोंडे बांधले. त्यातला एक सुटून फिदेन्सिओच्या खांद्यावर पडला, तर न्हावी म्हणाला, हे लक्षण चांगलं आहे, झाड प्रतिसाद देतंय. आणखी एका शहाण्याने मुळाशी मेलेला कुत्रा पुरा म्हणून सुचवलं. तेव्हापासून कानेलो त्या शहाण्याला फाटकाच्या आत येऊ देत नाही.

आता प्रश्न जामीनदाराचा. रीतीप्रमाणे हा मान कोंपाद्रेचा. आपल्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याने हातांवर घेतलं तो आपला कोंपाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं. कोंपाद्रेशी फक्त अदबीने बोलता येतं, आणि निव्वळ अदबीने माणसाचा किती छळ करता येतो हे ज्याला कोंपाद्रे आहे त्यालाच ठाऊक. फिदेन्सिओचा कोंपाद्रे म्हणजे शेजारच्या बागेचा नाबोर. माणूस गलेलठ्ठ, बोलणं संथ, आणि स्मरणशक्ती, विशेषतः अपमानांच्या बाबतीत, फार तल्लख.

पण फिदेन्सिओला वाटलं, नाबोर गयावया करणार म्हणजे झाडाला झोप येईल. दरवर्षी गुड फ्रायडेला चौकात येशूच्या मरणाचं नाटक होतं, त्यात क्रिस्पिन शिंपी येशूच्या शेजारच्या क्रुसावरून दया मागणाऱ्या भल्या चोराचं काम करतो. त्याने दयेची याचना केली की पोलीससुद्धा डोळे पुसतात. फिदेन्सिओने गुपचूप जाऊन त्याला विचारलं. क्रिस्पिन कबूल झाला. आमच्या गावात गुपचूप विचारलेली गोष्ट नाबोरला संध्याकाळच्या आत कळली, हे निराळं सांगायला नको.

नाबोरने राग दाखवला नाही. उलट दुसऱ्या दिवशी आपणहून आला, परकर नेसलेल्या झाडाभोवती फिरला आणि म्हणाला, "जरा धमकी देऊन दाखवा बरं, कोंपाद्रे."

फिदेन्सिओने कुऱ्हाड घेतली, घसा साफ केला आणि म्हणाला, "आपणांस कळविण्यात येते की, फळ न दिल्यास आपल्याविरुद्ध योग्य ती कारवाई—"

"पुरे," नाबोर म्हणाला. "तुम्ही धमकी देताय की शिक्का मागताय? कोंपाद्रे, या झाडाने तुम्हाला आयुष्यभर कागद हातात घेतलेलं बघितलंय. कुऱ्हाड तुमच्या हातात त्याला खरी वाटणार नाही. त्याला कागद दाखवा. झाड तोडायचा नगरपालिकेचा परवाना आणा. शिक्क्याला झाडच काय, माणूसही घाबरतो."

हा सल्ला त्याने प्रेमाने दिला की डाव साधला, यावर गावात आजही दोन तट आहेत. फिदेन्सिओला मात्र तो फारच पटला. कागदाचं नाव काढलं की त्याच्या अंगात वारं भरे. टाय सारखा करून तो शहरात गेला.

नगरपालिकेच्या खिडकीत ओब्दुलिया नावाच्या बाई होत्या. एके काळी त्याच्याच हाताखाली उमेदवारी केलेल्या. त्यांनी ओळख दाखवली नाही. खिडकीच्या आत बसलं की कोणीच दाखवत नाही, फिदेन्सिओनेही कधी दाखवली नव्हती.

"तोडण्याचं कारण?"

"तोडायचं नाहीये. घाबरवायचं आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घाबरवणे हा प्रकार आमच्याकडे नाही. चार प्रकार आहेत. वाळलेलं, रोगट, विजेच्या तारांना धोका, किंवा मिरवणुकीला अडथळा."

फिदेन्सिओ विचारात पडला. सासूबाईंच्या झाडाला वाळलेलं म्हणणं शक्य नव्हतं, रोगट म्हणणं तर आत्मघात. तारा त्या बाजूला नव्हत्याच. मिरवणुकीला अडथळा यात कोणाची बदनामी नव्हती, आणि ईस्टरची मिरवणूक फाटकावरून जाते हे खरंही होतं. त्याने ते कारण दिलं. शिक्का बसला. इतका सुरेख, स्वच्छ, गोल शिक्का त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. घरी येऊन त्याने तो कागद झाडाला मोठ्याने वाचून दाखवला, खालच्या टिपेसकट. टीप वाचली खरी, पण तिच्याकडे लक्ष दिलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना टिपा वाचायला लावणारा माणूस तो, स्वतः कशाला लक्ष देतोय.

गुड फ्रायडेला क्रिस्पिनने कमालच केली. क्रुसावर लटकून त्याने अशी याचना केली की माणसं हुंदके देऊन रडली आणि वन्स मोअर मिळाला. भला चोर दुसऱ्यांदा मेला. परिणाम असा की शनिवारी सकाळी क्रिस्पिनच्या घशातून मांजराएवढाही आवाज निघेना. त्याने फिदेन्सिओपुढे हात जोडले, गळ्याकडे बोट दाखवलं आणि मधाचं पाणी प्यायला निघून गेला.

गरजवंताला अक्कल नसते. फिदेन्सिओ तडक नाबोरकडे गेला. नाबोर धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलाच होता.

"कोंपाद्रे, जामीन राहायचं तुम्हीच. तुमच्याशिवाय मला आहे कोण?"

"क्रिस्पिन आहे की," नाबोर अतिशय गोडपणे म्हणाला.

"त्याचा घसा बसलाय."

"अरेरे. म्हणजे घसा बसल्यावर कोंपाद्रे आठवतो. हरकत नाही, येतो. कोंपाद्रेने बोलावलं आणि मी आलो नाही, असं कधी झालंय?"

आणि तो आला. सारं गावच आलं. बेकरीवाली गोड पाव विकायला घेऊन आली. सासूबाईंची खुर्ची बाहेर मांडली. होविता दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभी राहिली, कानेलो तिच्या पायाशी. फिदेन्सिओने कुऱ्हाडीचं पातं पुसलं, परवाना वरच्या खिशात शिक्का दिसेल असा खोवला, आणि सगळे घंटेची वाट पाहू लागले.

घंटेच्या आधी आला नगरपालिकेचा टेम्पो. त्यातून पिवळी जाकिटं घातलेली माणसं उतरली, त्यांच्यातल्या जाड्या मुकादमाच्या हातात यंत्राची करवत.

"मिरवणुकीला अडथळा तो हाच ना?" मुकादम म्हणाला. "मिरवणूक उद्या. आज पाडून जातो."

फिदेन्सिओची पाचावर धारण बसली. त्याने खिशातला परवाना काढून टीप वाचली. 'अडथळा मिरवणुकीपूर्वी खात्यामार्फत विनामूल्य दूर करण्यात येईल.' त्याने दाराकडे पाहिलं. होविताचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला वाटलं, याने धमकीच्या नावाखाली खरोखरच झाड पाडायची व्यवस्था केली. आणि तिला तसं वाटतंय हे त्याला दिसलं. ती इतकी गप्प होती की कानेलोलाही काही सांगेना.

तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. चोहीकडे पोरं कान सोडवत केकाटू लागली. फिदेन्सिओने सवयीने, केवळ नेमून दिलेलं काम म्हणून, कुऱ्हाड उगारली. "फळ देत नाहीस," तो म्हणाला, "आता तुला कापतो."

सगळ्यांनी नाबोरकडे पाहिलं.

नाबोरने टोपी काढली, छातीशी धरली, आणि संथपणे म्हणाला, "कोंपाद्रे, माझी फार इच्छा होती. पण तुमच्याकडे सरकारी परवाना आहे. कायद्याच्या आड येणारा मी कोण?"

कुऱ्हाड वरच राहिली. बाकीची झाडं बघत होती, गाव बघत होतं. मुकादमाने यंत्र चालू करून पाहिलं, ते फरफरलं. फिदेन्सिओचे हात दुखायला लागले. सासूबाई खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या एक अक्षर काढत नव्हत्या. त्यांनी डोळे मात्र मिटून घेतले होते. हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

त्याने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. झाडाला वळसा घालून तो पलीकडे गेला, परकराच्या बाजूला उभा राहिला, आणि आत्ता जिथे स्वतः उभा होता त्या रिकाम्या जागेकडे बघून दोन्ही हात जोडले.

"नका हो कापू, लिसेन्सिआदो," तो म्हणाला.

लोक हसले. त्याने हसू दिलं.

"नका कापू. तुम्ही या गावात आलात तेव्हा तुमच्याकडे एक पेटी आणि एक टाय होता. या झाडाखाली उभं राहून तुम्ही होविताला चार पाठ केलेली वाक्यं बोलून दाखवणार होता. तिसरं विसरलात. तेवढ्यात वरून एक पिकलेलं फळ तुमच्या नव्या टोपीवर पडलं, ती हसली, आणि चौथ्या वाक्याच्या आधीच हो म्हणाली. चौथं वाक्य तुम्ही अजून बोललेला नाहीत. तुमची कचेरी पगार तुंबवायची तेव्हा या झाडाची फळं मीठ लावून टॉर्टियात घालून तुम्ही दोन्ही वेळा खाल्लीत, आणि सासूबाईंनी ते कधी काढून दाखवलं नाही. म्हणजे सणावारी दाखवलं, पण एरवी नाही. ट्रकचं काय हो, ट्रक येतात नि जातात. झाड वांझ असेल तर असू दे. मी जामीन राहतो."

मग तो धावत धावत पुन्हा या बाजूला आला, कुऱ्हाड उचलली आणि स्वतःच्याच जागेवरून दटावून म्हणाला, "बरं. तुमच्या शब्दाखातर सोडतो. पण पुढच्या साली फळ हवं." हे वाक्य त्याला इतकं करारी जमलं की तो स्वतःच दचकला.

कोणी हसलं नाही. क्रिस्पिन मागे उभा राहून बिनआवाजाचा रडत होता. बहुधा काम हातचं गेलं म्हणून असेल.

मुकादमाने करवत बंद केली. "ते सगळं ठीक आहे साहेब," तो म्हणाला, "पण कागद निघालाय. काहीतरी कापल्याशिवाय मला परत जाता येत नाही." त्याने वर पाहिलं. "ती फाटकावर आडवी आलेली फांदी कापू का? मिरवणुकीतल्या मूर्तीला तीच लागणार."

सगळ्यांनी वर पाहिलं. सबंध झाडात वाट अडवणारी तेवढी एकच फांदी होती. ट्रकचा टपही तिलाच अडला होता. ती कापायला पाव खाऊन होण्याइतकाही वेळ लागला नाही. खालून विमान जाईल एवढी मोकळी वाट झाली.

"ही फांदी मी केव्हाच दाखवली असती," नाबोर म्हणाला. "पण मला आधी कोणी विचारलं नाही."

टेम्पो गेला, गाव पांगलं. फिदेन्सिओ कुऱ्हाड घेऊन तसाच उभा होता, पुढे काय करायचं ते न कळून. होविता दारातून म्हणाली, "जेवायला चला. ती कुऱ्हाड बाहेर ठेवा." कानेलोने चमकून मान वर केली. आपल्याला सांगितलेलं नाही हे त्याच्याही ध्यानात आलं.

पुढच्या साली झाड फळलं. असं फळलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले आणि न्हावी सगळं श्रेय धोंड्यांना देत हिंडला. आमच्याकडचा अवोकाडो काळा, साल पातळ, सालीसकट खायचा. पहिलं फळ जामीनदाराचं, म्हणून नाबोर सकाळीच धुतलेला सदरा घालून आला आणि म्हणाला की परवान्याची कल्पना त्याची होती. फिदेन्सिओने त्याला अतिशय अदबीने दुसरं फळ दिलं.

पहिलं त्याने स्वतः उतरवलं, अंगणात बसून टॉर्टियावर दाबलं, वर मीठ टाकलं. आणि एका घासानंतर त्याला राहवलं नाही. "बघितलंत ना," तो म्हणाला, "शेवटी माझ्या आवाजाला घाबरलं."

"तुझ्या आवाजाला?" खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुला बघून आजवर अंगणातली कोंबडी बाजूला झालेली नाही. झाड कसलं घाबरतंय. दया आली त्याला तुझी."

फिदेन्सिओने दाद मागायला होविताकडे पाहिलं. ती चुलीवरचा टॉर्टिया उलटत होती. पाठमोरीच म्हणाली, "मलाही तशीच आली होती. त्याच झाडाखाली."

तिने गरम टॉर्टिया त्याच्या ताटात टाकला. त्याने तोही खाल्ला.